शेऱ्याशेजारचा रकाना

तीनशे अठरा नंबर जिना चढून वर आली, तेव्हा मी सहाशे चारच्या आईची समजूत घालत होते.

"मुलाची उंची पाच फूट सात लिहिलीत तुम्ही," मी म्हणाले, "आणि परवा मुलगा स्वतः इथे येऊन गेला. त्या दाराच्या चौकटीवर माझ्या खुणा आहेत."

"तो जरा वाकून चालतो हो."

"मग वाकून किती आणि सरळ किती, दोन्ही लिहू या."

सहाशे चारची आई उठली. चप्पल घालायला तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, कारण नव्याने आलेली काय बोलते ते तिला ऐकायचं होतं. नव्याने आलेली काहीच बोलली नाही. खालच्या पायरीचा आवाज येईपर्यंत उभी राहिली आणि मग माझ्यासमोर बसली. जिन्यावर ती एकदाही थांबली नव्हती. म्हणजे काय बोलायचं ते ठरवून आली होती.

पंधरा वर्षं झाली याला. सांगलीत एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत आमचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी सकाळी मी तिथे बसायची. मला नावांपेक्षा नंबर लवकर आठवायचे. तीनशे अठरा म्हणजे सुनेत्रा वाळिंबे. वय पस्तीस, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, वडील नाहीत, भावंड नाही, आई संधिवाताने अंथरुणाला. नोंदणी होऊन पाच वर्षं झाली होती आणि पाच वर्षांत तिच्याकडे चार स्थळं गेली होती. चारही सांगली-मिरजेची.

"बोल, सुनेत्रा."

तिने कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेल्या परागकडे पाहिलं.

"तो घरचाच आहे," मी म्हणाले. पराग शेंडे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. त्याच्या बहिणीचं लग्न आमच्या मंडळातून जमलं, त्या आनंदात त्याने मंडळाची वेबसाइट करून दिली होती आणि दर गुरुवारी तिची तब्येत बघायला यायचा.

"असू देत की," सुनेत्रा म्हणाली. "निम्मं काम त्यांच्याकडेच आहे."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर उलगडला. साइटवरच्या तिच्या माहितीचं पान छापून आणलं होतं. वर नाव, खाली शिक्षण, आणि त्याच्या खाली जे होतं ते वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

शेरा : आईला सोडून राहणार नाही. बाहेरगावचं स्थळ दाखवू नये.

वाक्य माझंच. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला अकरा रकाने असत आणि त्यातला दहावा शेऱ्याचा. तो मंडळींना दाखवायचा नसे. माणूस या खोलीत वीस मिनिटं बसला की फॉर्मात नसलेलं बरंच काही सांडून जातो. ते मी गोळा करून तिथे लिहायची. 'मुलगा बरा, आई बोलते.' 'फोटो सहा वर्षांपूर्वीचा.' 'मुलीला विचारलं की वडील उत्तर देतात.' 'चहा घेत नाही म्हणाला, दोन कप प्याला.' जुळवताना मी आधी हाच रकाना वाचायची आणि मग पत्रिका. माझा त्यावर फार विश्वास होता. खरं तर माझ्यावर होता.

"हे तुला कुठे मिळालं?"

"तुमच्या साइटवर."

"शक्यच नाही," पराग कोपऱ्यातून म्हणाला.

"सर, तुम्ही पानाचा पत्ता नीट वाचलाय का कधी? मी वाचला. आमच्या ग्रंथालयाची सूची अशीच चालते. पत्त्यात लेखक लिहिला की लेखक दिसतो, विषय लिहिला की विषय. तुमच्याकडे माझ्या पानावर असं होतं." तिने छापील कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलं :

?kramank=318&dakhava=nav,shikshan,unchi

"म्हटलं, दाखवा म्हणतंय, तर मागून बघू. उंची खोडली आणि तिथे शेरा लिहिलं. दाखवलं."

पराग उठून टेबलाजवळ आला. कागद बघितला. त्याचे कान लाल झाले. हुशार माणसाची चूक सापडली की आधी कान कबुली देतात, तोंड मागाहून.

"पान एकच आहे, मंदाताई," तो मला म्हणाला. "पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे लिहिलेलं असतं ते फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा सांगाडा, वाचतं आणि पानाच्या हातात देतं. क्रमांक दिला की डेटाबेसमधला माणूस सापडतो. रकान्यांची नावं दिली की त्याचे तेवढे रकाने दिसतात. तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाला गोत्र आधी हवं, कुणाला पगार, कुणाला पत्रिका नकोच. म्हणून रकाने पत्त्यात सांगायची सोय केली."

"आणि कुणी भलताच रकाना सांगितला तर?"

"तर..." तो थांबला. "तर तोही दाखवतं. कुठले दाखवायचे नाहीत ते मी त्याला सांगितलंच नाही. वहीतला एकही रकाना गाळायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं."

"साठवताना गाळू नको म्हणाले होते. गावभर वाट असं नव्हते म्हणाले."

"तुमचं भांडण मी गेल्यावर करा," सुनेत्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता. ग्रंथालयात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज रागातही चढत नाही, हे मी मनात टिपलं आणि लगेच मला माझीच लाज वाटली.

"पण शेरा नावाचा रकाना आहे, हे तुला कसं माहीत?"

"पाच वर्षांपूर्वी आई आणि मी इथेच बसलो होतो. वही तुमच्या पुढ्यात, मला उलटी दिसत होती. काउंटरच्या पलीकडचं उलटं वाचायची आम्हाला सवय असते. मथळा वाचता आला. आत काय लिहिताय ते हाताखाली झाकलं होतं." ती थोडी पुढे झुकली. "ठोसरबाई, आईला सोडून राहणार नाही, असं मी कधी म्हणाले?"

मी आठवल्यासारखं केलं. आठवायची गरज नव्हती.

"मी विचारलं होतं, लग्नानंतर बाहेरगावी जायची तयारी आहे का. तू गप्प बसलीस."

"आई शेजारी बसली होती. काठी घेऊन, दोनदा टेकत जिना चढून आली होती. तिच्यासमोर 'हो, जाईन' म्हणू? म्हणून गप्प बसले. तुम्ही माझ्या गप्प बसण्याचं उत्तर लिहून टाकलंत."

पराग खिडकीबाहेर बघायला लागला. खाली दुकानात कुणीतरी वह्यांना घालायचा खाकी कागद मागत होतं.

"बाहेरगावची, माझ्या वयाला आणि शिक्षणाला जुळणारी स्थळं मी मोजली," सुनेत्रा म्हणाली. "बाकी कुणाचं काही वाचलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. पाच वर्षांत एकोणतीस. त्यातल्या एकवीस जणांची लग्नं झाली, तेही तुम्ही लिहिलंय. एकोणतिसातलं एकही माझ्याकडे आलं नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. फोटो दोनदा बदलला मी."

माणसं मोजणं हे माझं काम. कुणी माझीच चूक मोजून, बेरीज करून पुढ्यात ठेवायची ही पहिलीच वेळ होती. एकोणतिसातून एकवीस गेले, आठ राहिले, हे माझ्या डोक्यात आपोआप झालं, आणि तिने ते ओळखलं.

"आठांतले सात मला नकोत," ती म्हणाली. "पाचशे त्र्याहत्तर हवेत."

पाचशे त्र्याहत्तर म्हणजे श्रीरंग पातुरकर. अकोल्याचा, माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता, वय अडतीस. रविवारी तो कामासाठी कोल्हापूरला येणार होता आणि जाता जाता आमच्या खोलीत तीन मुलींना भेटणार होता. तिघींना मी कळवलं होतं. सुनेत्रा त्यांत नव्हती.

"नेमका तोच का?"

"तुमच्या शेऱ्यामुळे." तिने दुसरा कागद काढला आणि वाचला. "विचारलं तेवढंच बोलतो, पण खरं बोलतो. वडील सहा वर्षं अंथरुणाला होते, सगळं यानेच केलं. स्वतः सांगत नाही." तिने मान वर केली. "माझ्याबद्दल तुम्ही चूक लिहिलंत. यांच्याबद्दल बरोबर लिहिलं असेल कशावरून? ते स्वतः सांगत नाहीत, तर तुम्हाला कसं कळलं?"

मी तोंड उघडायच्या आत पराग वळला. बिचाऱ्याला मघापासून काहीतरी भरपाई करायची होती.

"तेही आहे की, मॅडम. शेऱ्याच्या शेजारी आणखी एक रकाना आहे, कोणाकडून म्हणून. माहिती कुणी दिली ते मंदाताई त्यात लिहितात. ऐकीव गोष्ट त्या उगाच लिहीत नाहीत."

त्याला माझी पत राखायची होती.

अकरावा रकाना अरुंद होता, वहीच्या कडेला, माझ्या मनगटाखाली. त्यात एकच शब्द मावायचा. पाचशे त्र्याहत्तरपुढे 'शेजारी' असं होतं. तीनशे अठरापुढे 'आई' असं होतं.

सुनेत्रा गप्प बसली म्हणून मी काहीच लिहिलं नव्हतं. त्या दिवशी शेऱ्याचा रकाना कोराच सोडला होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, मुलगी कामावर गेल्यावर, वाळिंबेबाईंचा फोन आला. "ती काल गप्प बसली ना, म्हणजे ती जाईल. मी ओळखते तिला. बाहेरगावचं दाखवू नका हो तिला. मला उठवून कोण बसवणार? इथलं दाखवा, कितीही दाखवा." मी म्हणाले, बघते. ठेवताना त्या म्हणाल्या, "तिला कळू देऊ नका." मी वही उघडली आणि त्यांच्या भीतीला मुलीच्या मायेचे कपडे घालून लिहिलं : आईला सोडून राहणार नाही. विनंती त्यांची होती. वाक्य माझं होतं. आणि शिस्तीची मी इतकी पक्की, की शेजारी 'आई' लिहायला विसरले नाही.

"असा रकाना आहे?" सुनेत्रा म्हणाली आणि मंडळाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "बघू तरी."

"आधी मी ते बंद करतो," पराग म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन लॅपटॉपसमोर बसला.

सुनेत्राने पत्त्यात पाचशे त्र्याहत्तर लिहिलं, मग शेरा, स्वल्पविराम, कोणाकडून. त्या काळचं इंटरनेट. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली. मग पान उघडलं.

"शेजारी," तिने वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच थोडा सैल झाला. "बरं. शेजारी खोटं कशाला सांगतील? चांगलं असलं तर नाहीच सांगत."

एरवी मी हसले असते. मी परागकडे बघत होते. सगळ्या वह्या त्यानेच, तीन महिने, दर रविवारी इथे बसून साइटवर उतरवल्या होत्या. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तीनशे अठरापुढे काय आहे ते त्याला आठवलं, हे मला दिसलं. तो मान खाली घालून भरभर टाइप करायला लागला.

सुनेत्राने पाचशे त्र्याहत्तर खोडलं. तीन लिहिला. एक लिहिला. आठ लिहिला. एंटर दाबलं.

चकती फिरत होती. मी इतक्या लग्नांच्या मुहूर्ताला हजर राहिले, पण इतका वेळ कधी गेला नव्हता.

पान उघडलं. नाव : सुनेत्रा वाळिंबे. खाली काहीच नाही.

"हे काय?"

"झालं," पराग म्हणाला. "आता पानाला यादी दिलीय. ठरलेले आठ रकाने मागितले तर दाखवेल. बाकी पत्त्यात काहीही लिहा, ऐकणार नाही."

"एक मिनिट थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मॅडम, सहाशे माणसांचं उघडं पडलं होतं. एक मिनिटही थांबणं बरोबर नव्हतं." ते खरंच होतं. म्हणूनच तो इतक्या सरळ आवाजात बोलू शकला.

ती खुर्चीसकट माझ्याकडे वळली. "माझ्या शेऱ्यापुढे काय होतं? कोणाकडून?"

"रिकामं."

"रिकामं कसं?"

"मी स्वतः पाहिलेलं लिहिलं, की तिथे काही लिहीत नाही."

"वही दाखवा मग."

"वही नाही दाखवणार. त्यात सहाशे घरं आहेत."

"माझं घर तेवढं दाखवा. बाकी हाताने झाका. सवय आहे तुम्हाला."

"नाही, सुनेत्रा."

मी तिला वहीच्या कपाटाकडे बघू दिलं आणि स्वतः बघितलं नाही.

"म्हणजे हे सगळं तुमचंच," ती म्हणाली. "तुमच्या एका अंदाजावर माझी पाच वर्षं."

"माझंच."

"तुम्हाला वाटतं, तुम्हाला माणसं कळतात."

"वाटायचं," मी म्हणाले. "रविवारी साडेदहाला ये. त्या तिघींच्या आधी तुझी वेळ ठेवते."

"उपकार म्हणून नको."

"उपकार नाही. तुझा नंबर तिघींच्या आधीचा आहे."

दोन्ही कागद घडी घालून तिने पर्समध्ये टाकले. दाराशी गेल्यावर म्हणाली, "आईला सांगते, ठोसरबाईंनी चूक कबूल केली. ती बिचारी पाच वर्षं मलाच समजावत होती, की योग आला नाही म्हणून."

ती उतरून गेल्यावर पराग बराच वेळ लॅपटॉपचं झाकण उघडमीट करत बसला.

"खरं सांगायला हवं होतं, मंदाताई?"

"तू का नाही सांगितलंस?"

"मी काय, साइटचं बघतो."

"मग साइटचं बघ." पण त्याचा चेहरा बघून राहवलं नाही. "अरे, माझा राग घेऊन ती अकोल्याला जाऊ शकते. आईचा राग घेऊन कुठे जाईल? रोज सकाळी त्याच आईला उठवून बसवायचंय तिला. रागावेल, मग रडेल, मग त्या रडतील, आणि मग ती सांगलीतच राहील. पुन्हा कधी विषय काढणार नाही."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? माझा रकाना कुणी ठेवलाय?"

संध्याकाळी घरी फोन आला. वाळिंबेबाई.

"ती देवापुढे दिवा लावतेय, म्हणून हळू बोलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही."

"ती म्हणते, तुम्ही चुकलात."

"चुकलेच मी. तुमचं ऐकायला नको होतं."

मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग त्या म्हणाल्या, "रविवारी किती वाजता आहे?"

"साडेदहा."

"तिची मोरपिशी साडी चांगली दिसते तिला. कपाटात खाली पडलीय. मला काढता येत नाही." आणि मग, मला नव्हे, आत कुणालातरी : "अगं सुनेत्रा, ते कपाट उघड बघू जरा."

रविवारी ती मोरपिशी साडीत आली. दोघं पाऊण तास बोलली. म्हणजे ती बोलली आणि त्याने विचारल्या प्रश्नाची उत्तरं दिली. बाहेर येऊन त्याने मला एकच विचारलं, "त्यांच्या आईंना गाडीतून इतक्या लांब न्यायचं, तर झोपून जायची सोय कुठल्या गाडीत होईल?" उरलेल्या तिघींना मी चहा देऊन परत पाठवलं.

लग्न अकोल्याला झालं. मला पत्रिका आली नाही. वाळिंबेबाई मुलीबरोबरच गेल्या. नवीन नोंदींना मी मग शेऱ्याचा रकाना ठेवला नाही. मंडळातल्या बायका म्हणाल्या, ठोसरबाई थकल्या.

सात-आठ वर्षांनी सुनेत्रा मला मारुती रोडवर चष्म्याच्या दुकानात भेटली. मी नंबर तपासून घ्यायला गेले होते, ती आईचं घर रिकामं करायला सांगलीत आली होती. केस थोडे पांढरे, चेहरा भरलेला. मला बघून निघून जावं की थांबावं, हे तिने क्षणभर मनाशी ठरवलं आणि थांबली.

"आई गेली. मार्चमध्ये."

"कळलं होतं."

"शेवटची तीन वर्षं श्रीरंगच सगळं करायचे तिचं. मला हात लावू देत नव्हते." ती काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमशी चाळा करत राहिली. "एक विचारू? मी तुमच्याबद्दल काही बोलले, की तिला खपायचं नाही. इतर कुणाबद्दल बोला, ऐकून घ्यायची. तुमचं नाव निघालं की भांडायची. त्या बाईला बोलू नकोस म्हणायची. एकदा तर जेवता जेवता ताट सारलं आणि तिथून उठवून न्यायला लावलं मला. मला इतका राग यायचा, ठोसरबाई. माझी पाच वर्षं गेली, आणि माझी आई तुमच्या बाजूने. असं काय केलं होतंत तुम्ही तिच्यासाठी?"

दुकानदार आत माझ्या काचा शोधत होता. माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, त्यामुळे तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. बरंच झालं.

"काही नाही गं," मी म्हणाले. "आम्ही दोनदा फोनवर बोललो होतो. तेवढंच."

"तेवढ्यावर कुणी ताट सारतं?"

"वय झालं होतं त्यांचं."

ती हसली नाही. दुकानाच्या तीन पायऱ्या मला उतरायच्या होत्या आणि थेंबांमुळे पायरी कुठे संपते ते कळत नव्हतं. तिने न विचारता माझा दंड धरला, कोपराच्या वर, जिथे धरल्यावर म्हाताऱ्या माणसाला दुखत नाही आणि पडताही येत नाही. रस्ता ओलांडून मी रिक्षात बसेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. राग होताच. पकड मात्र तिने कुठेही सैल केली नाही.